मागाच्या घरातला घोट

आधी एक गोष्ट करून बघा. भांड्यात थोडं पाणी घ्या, एक घोट तोंडात धरा आणि गिळा. गिळत असतानाच श्वास घ्यायचा प्रयत्न करा. जमत नाही ना? कुणालाच जमत नाही. घोट खाली उतरतो तेवढा वेळ श्वासाचं दार बंद होतं, आणि घोट उतरला की उघडतं. दिवसभर हे चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही इतके लहान आहात की तुमची मान तुमच्या ताब्यात नाही. कुणीतरी तुम्हाला मांडीवर घेतलंय आणि तोंडात दूध येतंय. छान लागतंय. तुम्ही गिळलंत. आता श्वास हवा. पण दूध येतच आहे. ‘जरा थांबा’ म्हणायला तुमच्याकडे शब्द नाहीत, बाटली बाजूला सारायला हातात बळ नाही. काय कराल?

चिमी खोकायची. खोकता खोकता तिचे ओठ निळे पडायचे.

चिमी म्हणजे माझ्या दादाची पहिली मुलगी. तेव्हा मी इचलकरंजीत दादाकडेच राहत होते आणि नुकतीच बालवाडीत शिकवायला लागले होते. चिमी दिवस भरायच्या आधीच आली. मिरजेच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. श्वास घ्यायला ती शिकली, चोखायलाही शिकली, पण दोन्हींचा मेळ बसेना. अंगावर पाजलं तर पहिल्या दोन घोटांतच दमून झोपायची, आणि बाटलीनं पाजलं तर दूध श्वासाच्या वाटेला जायचं. एकदा त्यातनंच छाती भरली, ताप आला. मग नाकातून नळी घातली. वहिनीचं दूध काढून सिस्टर ते नळीत सोडायच्या आणि वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाजूला उभी राहायची.

नळी काढली त्या दिवशी एस्तेर सिस्टरनी वहिनीला आणि मला समोर बसवून घेतलं. शेजारी दादा आणि आई उभे होते.

“घरी कोण पाजणार?” सिस्टरनी विचारलं. त्या इतक्या हळू बोलायच्या की आपल्याला पुढं वाकावं लागायचं. आई म्हणायची, या बाईचं बोलणं तिच्याच ओठांना तेवढं ऐकू येत असेल.

“मीच की,” वहिनी म्हणाली.

“आणि ही आमची पमी,” दादा म्हणाला. “शिकलेली हाय. मास्तरीण हाय.”

सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. कोपऱ्यातलं एक बाळ दचकून रडलं.

“दादा,” सिस्टर म्हणाल्या, “मी इथंच बसलेय. शेजारच्या इमारतीत नाही.”

“मी काय ओरडलो व्हय?” दादानं मला विचारलं. त्याला आपण हळूच बोललो असं वाटत होतं.

सिस्टरनी चिमीला मांडीवर घेतलं. आपण घेतो तसं उताणं नाही, कुशीवर, डोकं पायांपेक्षा उंच. बाटली आडवी धरली आणि निपल नुसतं ओठाला लावून ठेवलं. तोंड चिमीनंच उघडलं. ती चोखायला लागली तशी आम्ही दोघी टक लावून बघायला लागलो.

“बघू नका,” सिस्टर म्हणाल्या. “गालांवर विश्वास ठेवू नका. गाल हलले म्हणजे गिळलं असं नाही. ऐका.”

मी कान जवळ नेला. अगदी बारीक आवाज होता. भरल्या घागरीत वरून एकच थेंब पडावा तसा. घुटुक.

“हा घोट,” सिस्टर म्हणाल्या. “शहाण्या बाळाला घोटामागून श्वास घ्यायचा हे आपोआप कळतं. हिला अजून कळत नाही, पुढचा घोट आला की ही श्वास विसरते. म्हणून घोट ऐकला की बाटली खाली करायची, निपलमधलं दूध परत मागं जाईल एवढी. काढायची नाही. तिचा श्वास झाला की परत उचलायची.”

“किती घोटांनी खाली करायची?” मी विचारलं. मला फळ्यावर लिहिता येईल असं काहीतरी हवं होतं.

“ते तिला विचारा. कधी एका घोटानं दमेल, कधी तीन-चार सलग घेईल. घोट पडला, की आता श्वास येतो का बघायचं. नाही आला तर थांबायचं. एवढंच.”

त्या संध्याकाळी वहिनीनं पाजलं, मग मी पाजलं, दुसऱ्या दिवशी परत वहिनीनं. चिमी एकदाही खोकली नाही. वहिनीचा चेहरा असा झाला होता की जणू तिचं बाळंतपण त्या दिवशी पार पडलं.

निघताना डॉक्टर दादाला म्हणाले, “छातीत परत दूध गेलं तर आता तिला सोसणार नाही. खोकला थांबेना, किंवा दूध पोटात जाईना असं झालं, तर वाट बघत बसू नका. घेऊन या. नळी परत घालू.”

नळी म्हटल्यावर वहिनीनं चिमीला आणखी जवळ ओढलं.

आमचं घर म्हणजे पुढं दोन खोल्या आणि मागं पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे विजेवरचे चार माग. दादा दिवसपाळीला स्वतः मागावर असायचा आणि दारातल्या यंत्रावर वहिनी कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची जी छोटी गुंडी बसते, ती कांडी. लग्नाआधी बापाच्या घरीही ती हेच करत होती. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना सुतानं बारीक चरे पडले होते, विहिरीच्या काठावर दोराचे पडतात तसे.

घरी आल्यावर पहिला दिवस बरा गेला नाही. चिमी दूध पिताना ठसकत होती, मग दमून तोंड मिटत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. आई शेजारी बसून बघत होती आणि तिला राहवेना.

“एवढ्याशा भोकातनं दूध तरी कुठलं येणार?” ती म्हणाली. “ओढून ओढून जीव चाललाय पोरीचा. तुम्ही तिला कामाला लावलंय नुसतं.”

दुपारी तिनं गोधडी शिवायची सुई चुलीत तापवली आणि निपलचं भोक मोठं केलं. आमच्या गल्लीत सगळ्या आया असंच करत. बाळाला कष्ट पडू नयेत म्हणून. तिनं आम्हाला सांगितलंही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

संध्याकाळी वहिनीनं चिमीला कुशीवर घेतलं, बाटली ओठाला लावली, आणि चिमीनं पहिल्यांदा ओढलं तसं दूध तोंडात भरून नाकावाटे बाहेर आलं. ती खोकली नाही. खोकण्याइतकी हवाच नव्हती. डोळे मोठे झाले आणि ओठ जांभळे पडत गेले. वहिनी तशीच बसून राहिली, हातात बाटली धरून. मी चिमीला ओढून घेतलं, पालथी केली, पाठीवर थोपटलं. दूध खाली सांडलं. मग तो खोकला आला, मग रडणं. असं रडणं ऐकून आनंद झालेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

दादा मागावरून धावत आला. “काय झालं?”

आईनं बाटली उलटी धरून बघितली. दुधाची धार लागली होती. तिला कळलं. तिनं निपल काढलं, चुलीत टाकलं आणि त्या रात्री ती जेवली नाही. आम्ही तिला बोल लावला नाही. जाणूनबुजून कुणी केलं होतं?

पण वहिनीनं चिमीला परत घेतलं नाही. 

“वन्सं,” ती म्हणाली, “आजपासनं तुम्ही पाजा.”

“अगं वहिनी, तुझी काय चूक? भोक मोठं झालं होतं.”

“भोक मोठं होतं हे खरं. पण मला काही सुचलं न्हाई, हेबी खरंच की. तुम्ही नसता तर?”

 

पिशवीत सिस्टरनी दिलेलं दुसरं निपल होतं. मी ते लावलं आणि मला वाटलं, आता झालं. बालवाडीला जायच्या आधी मी पाजायची, दुपारी येऊन पाजायची, मधल्या वेळी आई माझ्याकडून शिकून पाजायची. वहिनी दूध काढून द्यायची, बाटली उकळून द्यायची, आणि कांड्यांच्या यंत्रावर जाऊन बसायची. तिथून तिला आमची पाठ दिसायची.

चिमीचं ठसकणं थांबलं नाही. कमी झालं, पण थांबलं नाही. मी सिस्टरनी सांगितलं तसंच सगळं करत होते, कूस तीच, उंची तीच, बाटली आडवी. गाल हलले की खाली करायची, मग वर करायची. कधी लवकर खाली व्हायची आणि ती चिडायची, कधी उशिरा आणि ती ठसकायची. सात-आठ दिवसांनी तर बाटली जवळ आली की चिमी ओठ घट्ट मिटायला लागली. एवढीशी ती, पण ओठ असे मिटायची, जणू आतून कडी लावली.

“पोरगी शहाणी हाय,” आई म्हणाली. “जिथं मार बसतो तिथं कोण जाईल?”

दादानं बुधवारी सांगून टाकलं, “शनिवारी मिरजेला न्यायची. माझ्याच्यानं हे बघवत न्हाई. नळी तर नळी. पोटात तरी जाईल.”

वहिनीनं मान हलवली. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही.

मग शुक्रवार आला. शुक्रवारी आमच्या भागातली वीज दिवसभर बंद असायची. ती आमची सुट्टी. त्या दिवशी सगळी गल्ली दारात येऊन बसायची, पुरुषमाणसं अंघोळ सावकाश करायची, आणि सवयीनं एकमेकांशी इतक्या मोठ्यानं बोलायची की परका माणूस म्हणाला असता, इथं दंगल चाललीय.

सकाळी आईनं पाजलं. मी बालवाडीतून आले तर ती दारातच उभी.

“अगं पमे, सगळं प्याली. ठसका न्हाई, काही न्हाई.”

“खरंच?”

“मी खोटं बोलीन? आणि तुला सांगू? गेल्या शुक्रवारीबी प्याली होती. मी ध्यानात ठेवलंय. देवीचा वार हाय. मी आता शुक्रवार धरणार.”

“आई, देवीला बाकीच्या वारांचं काय वावडं आहे?”

“तू दोन बुकं शिकलीस म्हणून देवीची उलटतपासणी करू नकोस.”

मी हसले, पण दुपारी चिमीला मांडीवर घेताना ते डोक्यात होतं. चिमी आधी ओठ मिटून होती. मग तिनं उघडले. आणि आठवड्यात पहिल्यांदा ती नीट प्याली, आईनं सांगितलं तशीच. मला वाटलं, असेल बाई देवीचा वार.

संध्याकाळी परत पाजायला बसले. वहिनी दाराशी तांदूळ निवडत होती. चिमी पीत होती. घुटुक. मी बाटली खाली केली. श्वास. वर केली. घुटुक, घुटुक. खाली. श्वास. हात आपोआप चालला होता, ताल धरल्यासारखा. मी गालांकडे बघतही नव्हते, दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत होते. अर्धी बाटली अशीच संपली.

आणि वीज आली.

आधी दिवा लागला. मग पलीकडच्या गल्लीत एक माग सुरू झाला, मग शेजारी तवनाप्पाकाकांचे, मग आमचे चारही. खडखड खडखड करत सगळं घर त्यात बुडालं. भांडी मांडणीवर बारीक थरथरायला लागली. मी रोजच्यासारखी सावरून बसले. चिमीचे गाल हलत होते. मी वाट बघत होते. कशाची वाट बघतेय हे कळायच्या आतच ती ठसकली, जोरानं, आणि दूध ओठांच्या कडेनं गळ्यावर आलं.

मी तिला उभी धरली. पाठ चोळली. ती सावरली. मी मात्र तशीच बसले होते. मांडी तीच, बाटली तीच, वारही शुक्रवारच. एवढ्यात बदललं होतं ते एकच.

मी उठले आणि चिमीला घेऊन शेडच्या दाराशी गेले. आत जाण्यात अर्थ नव्हता. दादाला हातानं खूण केली. तो आला.

“मला तिचा घोट ऐकू येत नाही,” मी त्याच्या कानाशी ओरडले.

“कुणाचा?”

“चिमीचा. सिस्टरनी ऐकायला सांगितलं होतं. इथं कुणाला ऐकू येतं? आपण गालाकडे बघून पाजतोय. शुक्रवारी ऐकू येतं, म्हणून ती शुक्रवारी पिते.”

दादानं माझ्याकडे बघितलं, मग चिमीकडे. मग वळला आणि एकेक करून चारही माग थांबवले. दादानं बीमच्या रुळावर सूत शिल्लक असताना, धागा तुटलेला नसताना माग थांबवलेला मी त्याआधी बघितला नव्हता.

“आता पाज,” तो म्हणाला.

आमचे माग थांबले तेव्हा आम्हाला कळलं की शेजारच्यांचे आमच्याहून मोठे आहेत. एवढे दिवस आमच्याच आवाजानं त्यांचा आवाज झाकला होता. दादा भिंतीपाशी गेला आणि वरच्या फटीतून ओरडला, “काका, ओ तवनाप्पाकाका, जरा बंद करा.”

“काय पेटलं काय?” पलीकडून आलं.

“न्हाई. पोरगी दूध पितीय.”

 मग तवनाप्पाकाकांचेही माग थांबले आणि त्यांचं डोकं फटीत दिसलं. “प्याली काय?”

पण त्यांच्या पलीकडे आणखी माग होते. समोरच्या ओळीत होते. मागच्या गल्लीत होते. एक थांबवला की त्याच्यामागचा ऐकू यायचा. दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

“सगळी इचलकरंजी थांबवू काय आता?” तो म्हणाला. चिडून नाही, अगदी साधेपणानं. “दिवसातनं किती वेळा?”

 तवनाप्पाकाका म्हणाले, “माझ्याकडनं होईल तेवढं सांग रे,” आणि त्यांचं डोकं खाली गेलं.

“न्यायची उद्या,” दादा म्हणाला. “तिथं शांत हाय. सिस्टरांना ऐकू येतं. काय चूक हाय त्यात?”

वहिनी अजून दाराशीच होती, तांदळाचं सूप मांडीवर. तिनं सूप खाली ठेवलं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तो आवाज येतो, तेव्हा गळ्यात काही हलतं का?”

“म्हणजे?”

तिनं माठातलं पाणी भांड्यात घेतलं, एक घोट तोंडात धरला, आणि आपलं बोट गळ्यावर ठेवून गिळलं. मग परत. मग बोट जरा वर सरकवलं, हनुवटीच्या खाली, आणि परत गिळलं. आई तिच्याकडे बघत राहिली, या बाईला एकाएकी एवढी तहान कशी लागली म्हणून.

“हलतं,” वहिनी म्हणाली. “वर जाऊन खाली येतं.”

“वहिनी, पण तिचा गळा केवढा, आणि—”

“सूत केवढं असतं?” ती म्हणाली. “कांडी भरताना सूत ऐकू येतं व्हय कुणाला? नजर तर मी दुसरीकडंच ठेवते. बोटातनं जाताना गाठ आली की कळतं. तुटायच्या आधी ढिलं पडतं, तेबी कळतं.”

तिनं हात धुतले. पदराला पुसले. उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासून बघितली आणि तिचा चेहरा जरा उतरला. चरे पडलेली, राठ बोटं. मग तिनं डावा हात बघितला. डाव्या हाताची करंगळी मऊ होती. तिच्यावरून कधी सूत गेलं नव्हतं.

“आणा,” ती मला म्हणाली.

दूध नाकावाटे आलं त्या संध्याकाळनंतर तिनं एकदाही चिमीला पाजायला घेतलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आईनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. 

वहिनी भिंतीला टेकून बसली. चिमीला कुशीवर घेतलं, डोकं डाव्या तळव्यावर, आणि करंगळी वळवून हनुवटीच्या खाली टेकवली. दाबली नाही. फुलपाखरू बसलंय का नाही कळू नये, इतकीच. मग उजव्या हातानं बाटली घेऊन ओठाला लावली.

चिमीनं ओठ मिटले.

वहिनी थांबली. बाटली लावलेली तशीच, आणि ती नुसती थांबली. शेजारून-समोरून मागांचा आवाज येत होता. आमचे मात्र बंद होते आणि दादाला ते खात होतं, हे त्याच्या पायांवरून दिसत होतं.

“सरकव की जरा आत,” तो म्हणाला. “ती उघडायची न्हाई.”

“उघडेल तेव्हा,” वहिनी म्हणाली.

“आणि न्हाई उघडलं तर?”

“तर न्हाई. मग तुम्ही म्हणाल तसं.”

 तिनं त्याला असं सरळ उत्तर दिलेलं आम्ही कुणी फारसं ऐकलं नव्हतं.

चिमीनं थोड्या वेळानं जिभेनं निपल चाटून बघितलं. मग ओठ उघडले. गाल हलले, एकदा, दोनदा, मला वाटलं आता, आता बाटली खाली कर. वहिनीनं केली नाही. तिनं डोळे मिटले होते. गाल परत हलले आणि मग बाटली खाली आली. चिमीच्या छातीनं एक श्वास घेतला. बाटली वर गेली.

मी बघत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. कधी एवढ्याशा हालचालीवर बाटली खाली यायची, कधी बराच वेळ तशीच. कुठलाही हिशेब लागत नव्हता. पण प्रत्येक वेळी ती खाली आली की चिमीनं श्वास घेतला. आई पुढं सरकून बसली होती, ओठांवर पदर धरून. दूध कमी होत होतं. ठसका आला नाही.

दादा शेडच्या दाराकडे गेला आणि तिथं उभा राहून वळला. त्यानं मागांकडे बोट दाखवलं. सुरू करू?

वहिनीनं डोळे उघडले. मला वाटलं, ती नको म्हणेल. एवढं नीट चाललंय तर नको म्हणायला काय हरकत होती? पण ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “करा. कायम ह्याच घरात वाढायचंय तिला.”

पहिला माग सुरू झाला. मग दुसरा. भांडी थरथरायला लागली. दादा चौथ्या मागाच्या खटक्यावर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. वहिनीनं परत डोळे मिटले. तिची करंगळी हलली नव्हती. चौथा सुरू झाला, आणि मग घरात कुणाचं काही ऐकू येण्याची सोय उरली नाही. भिंतीपलीकडे तवनाप्पाकाकांनीही आपले सुरू केले. बाटली खाली आली. श्वास. वर गेली. मागांच्या खडखडाटात त्या दोघींचं काहीतरी वेगळंच, सावकाश चाललं होतं, आणि ते फक्त त्या करंगळीला कळत होतं.

बाटलीत बोटभर दूध उरलं तेव्हा चिमीनं जिभेनं निपल बाहेर ढकललं. वहिनी एकदम सावध झाली. तिनं बाटली लांब नेली आणि चिमीच्या ओठांकडे बघितलं. रंग बदललाय का. नव्हता बदलला. चिमीची छाती वर-खाली होत होती, दमल्यासारखी. आईनं हातानं खूण केली, पुरे, एवढं प्याली तेच खूप झालं. तिनं बाटली घ्यायला हात पुढं केला आणि वहिनी ती तिच्या हातात देणार होती.

चिमीनं दोन-तीन श्वास घेतले, निवांत. मग डोळे न उघडता तिनं मान बाटलीकडे वळवली, आणि तोंड उघडून शोधायला लागली.